कॉम्प्युटर चालूच होईना: भिंतीपासून जांभळ्या वायरीपर्यंत

रात्री नेहमीसारखा शटडाउन केलेला डेस्कटॉप सकाळी चालूच झाला नाही. बटण दाबलं, पंखा फिरला नाही. समोरचा दिवा लागला नाही, बीपही वाजला नाही. पुन्हा दाबलं, थोडं धरून ठेवलं, सोडून परत दाबलं. ढिम्म. आदल्या रात्री वीज गेली नव्हती, जळका वास आला नव्हता, कसला आवाजही झाला नव्हता. व्यवस्थित बंद झालेलं मशीन, आणि सकाळी त्याच्यात धुगधुगीसुद्धा नाही.

अशा वेळी पहिला धसका बसतो तो आतल्या फायलींचा. म्हणून सगळ्यात आधी तेच सांगतो: कॉम्प्युटर चालू न होणं आणि डिस्क जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की फायली वाचता येतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, म्हणजे फायली सांकेतिक रूपात कुलूपबंद असतील, तर ते कुलूप उघडणारा कोड, तिची रिकव्हरी की, मात्र हाताशी लागते. आपल्या डिस्कवर एन्क्रिप्शन चालू आहे की नाही हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, तेव्हा मशीन धडधाकट असतानाच ते बघून ठेवलेलं बरं. माझी की लिहून ठेवलेली होती, त्यामुळे घाई नव्हती. आणि घाई नसणं हे या कामातलं अर्धं भांडवल आहे. मशीन बंद पडलं की हात आपोआप काहीतरी काढायला, घालायला, बदलायला धावतात. आणि एकदम चार गोष्टी हलवल्या की कशामुळे काय झालं हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

आधी आपली तक्रार नेमकी कोणती, हे ठरवावं लागतं. ‘चालू होत नाही’ या तीन शब्दांत निदान तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीनवर काही येत नाही, हा एक. पंखे क्षणभर गिरकी घेतात आणि थांबतात, हा दुसरा. आणि काहीच होत नाही, हा तिसरा. माझा तिसरा होता. हा फरक महत्त्वाचा, कारण ज्याला विचारावं तो पहिला सल्ला देतो, ‘रॅम काढून पुसून बसव.’ हा सल्ला पहिल्या आजाराचा आहे. रॅम सैल असली, खराब असली, अगदी काढून ठेवली, तरी बटण दाबल्यावर पंखे फिरतात. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती आतली मुख्य पाटी, बीप करतो किंवा त्याच्यावरचा छोटा दिवा कुठे अडलंय ते दाखवतो. पंखाच फिरत नसेल, तर मामला रॅमपर्यंत पोचलेलाच नसतो. (पुसायचीच असेल, तर ती रबराने घासणं मला पटत नाही. रबराचा चुरा खाचेत जातो आणि पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा झिजतो. काढून परत नीट बसवली की बहुतेक वेळा काम होतं. अगदीच मळ असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं कापड पुरतं.)

तर सुरुवात भिंतीपासून. त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावला, लागला. एक्स्टेन्शन बोर्ड मधून काढून टाकला आणि कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीत खोचली. फरक नाही. मग वायर बदलली. मॉनिटरच्या मागची पॉवर कॉर्ड बहुधा त्याच जातीची असते, त्यामुळे वेगळी शोधायला जावं लागत नाही. मॉनिटर लागत होता, म्हणजे त्याची कॉर्ड चांगली होती. तीच कॉम्प्युटरला लावली, तरी शांतता. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरला लागणारे व्होल्ट देणारा आतला सप्लाय. त्याच्या पाठीवर एक छोटा स्विच असतो, I आणि O अशा खुणांचा. साफसफाई करताना तो धक्क्याने बंद होतो आणि माणसं दिवसभर डोकं धरून बसतात. माझा I वरच होता.

यानंतरची एक गोष्ट फुकटात होते, म्हणून करून टाकावी. मेन बंद करायचं, वायर काढायची, समोरचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं आणि थोडा वेळ तसंच सोडून द्यायचं. एसएमपीएसमध्ये संरक्षणाचं सर्किट असतं. शॉर्ट झाला किंवा व्होल्टेज वर गेलं की ते सप्लाय बंद करतं, आणि पुष्कळ सप्लायमध्ये मेन वीज पूर्ण काढेपर्यंत ते तसंच अडून बसतं. आतला साठलेला चार्ज निघून गेला की ते मोकळं होतं. कित्येक मशिनं एवढ्यावरच उठतात. माझं उठलं नाही.

इथे मला एक जुनी खूण आठवली. वर्षानुवर्षं या मशीनचा प्लग चालूच असायचा. अलीकडे मी रात्री भिंतीवरचं बटण बंद करायला लागलो होतो, आणि तेव्हापासून अधूनमधून सकाळी पॉवरचं बटण दोनदा दाबावं लागे. एकदा सुरू झालं की दिवसभर तक्रार नाही. अशी खूण असली की संशय आधी बटणावरच जातो. कॅबिनेटवरचं बटण म्हणजे दोन पत्र्यांमधला साधा संपर्क, रोज दाबून दाबून तो झिजतो. त्यामुळे बाजूचं झाकण काढलं आणि बटणाला बाजूला सारून बघायचं ठरवलं.

हे कसं करतात ते सांगतो, कारण ऐकायला धाडसी वाटलं तरी यात धोका नाही. समोरच्या बटणापासून निघालेली दोन बारीक वायरींची जोडी मदरबोर्डाच्या खालच्या कडेला पिनांवर बसवलेली असते. तिच्यावर ‘पीडब्ल्यूआर एसडब्ल्यू’ किंवा ‘पॉवर एसडब्ल्यू’ असं छापलेलं असतं. नेमक्या पिना कोणत्या हे मदरबोर्डाच्या पुस्तिकेत असतं, आणि अंदाजपंचे चाचपडण्यापेक्षा ते पान उघडावं. ती जोडी उपटायची आणि मोकळ्या झालेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. बटण दाबल्यावर जे होतं तेच यानं होतं. मी टेकवलं. काही झालं नाही. बटण निर्दोष सुटलं.

झाकण उघडल्यावर एक गोष्ट दिसली होती, आणि ती पुढे बराच वेळ दिशाभूल करत राहिली असती. बोर्डाच्या कोपऱ्यातला स्टॅन्डबायचा, म्हणजे मशीन बंद असतानाही लागणारा, दिवा लागलेला होता. मंद, पण लागलेला. वीज बोर्डापर्यंत पोचतेय म्हटल्यावर सप्लाय ठीक आहे असंच कुणीही म्हणेल. पण मदरबोर्डावरचा तो बारीक एलईडी दोन-तीन व्होल्टवरही उजेड देतो. वीज आहे एवढंच तो सांगतो. पुरेशी आहे का, हे सांगणं त्याच्या आवाक्यात नाही.

पुढचं समजायला चालू होण्याची प्रक्रिया थोडी उलगडावी लागेल. खूप जुन्या कॉम्प्युटरचं पॉवर बटण खरोखरच मेन वीज जोडणारं आणि तोडणारं असायचं. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे मानक आणलं आणि ते चित्र पालटलं. आता समोरचं बटण वीज जोडत नाही, ते फक्त मदरबोर्डाला सांगतं. प्लग लावून एसएमपीएसच्या पाठीमागचा स्विच चालू केला की एसएमपीएसमधला एक छोटा स्वतंत्र भाग लगेच कामाला लागतो आणि जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट देत राहतो. हाच स्टॅन्डबाय. कॉम्प्युटर ‘बंद’ असतानाही तो चालू असतो. बंद मशीनच्या माउसखाली उजेड दिसतो किंवा नेटवर्कच्या पोर्टशेजारी दिवा लुकलुकतो तो याच्याच जिवावर. या ५ व्होल्टवर मदरबोर्डाचा एक छोटा हिस्सा जागा राहून बटणाची वाट बघतो. बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर शून्यावर ओढतो. एसएमपीएससाठी तीच मागणी: मुख्य सप्लाय सुरू कर. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मोठ्या लाइनी उभ्या राहतात. त्या स्थिरावल्या की १०० ते ५०० मिलिसेकंदांत राखाडी वायरीवर ‘सगळं ठीक’ हा इशारा येतो, आणि त्यानंतरच प्रोसेसर पहिलं पाऊल टाकतो.

जांभळी, हिरवी, राखाडी. ही तीन रंगांची साखळी लक्षात राहिली की पाणी कुठे मुरतंय ते शोधायला अंदाज लागत नाही, व्होल्ट मोजणारा मल्टीमीटर पुरतो.

आधी एसएमपीएस एकटा तपासला. मेन बंद करून त्याच्या सगळ्या जोडण्या बोर्डापासून, डिस्कपासून, ग्राफिक्स कार्डापासून सोडवल्या. कागदाची यू-पिन सरळ करून २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये हिरव्या आणि शेजारच्या काळ्या वायरीच्या भोकांत घातली. म्हणजे बोर्डाने करायची मागणी मीच केली. काही एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात. तिथे रंगाचा उपयोग नाही, पिन क्रमांक बघावे लागतात. हिरवीची जागा १६ नंबरची, तिच्या दोन्ही बाजूंना, १५ आणि १७ वर, ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्टची काळी. इथे क्रमांक दोनदा ताडून बघावेत. भार म्हणून कॅबिनेटचा एक पंखा जोडला, कारण काही सप्लायचा स्वतःचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरतच नाही आणि उगाच वाटतं की सप्लाय मेला. मग मेन चालू केलं. पंखा लगेच फिरायला लागला.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवला, काळा प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) काळ्या वायरीवर आणि लाल प्रोबने एकेक लाइन पाहिली. पिवळी १२.१, लाल ५.०५, नारिंगी ३.३४, राखाडी पाच व्होल्टच्या आसपास. जांभळी ५.०२. मानकानुसार या लाइनी ५ टक्क्यांच्या आत असाव्या लागतात. म्हणजे १२ ची लाइन ११.४ ते १२.६ आणि ५ ची ४.७५ ते ५.२५. माझे सगळे आकडे देखणे होते.

बरेच जण इथे थांबतात आणि एसएमपीएसला क्लीन चिट देऊन मदरबोर्डाच्या मागे लागतात. पुढची मोजणी तर त्या संशयाला आणखी बळ देणारी निघाली. सगळं परत बोर्डाला जोडलं आणि हिरव्या वायरीच्या मागच्या बाजूने, कनेक्टर न काढता, प्रोब आत सरकवला. हे करताना हात स्थिर हवा. प्रोब घसरून शेजारच्या दोन पिना जोडल्या गेल्या तर नवा बिघाड आपणच तयार करतो. आता बटण दाबल्यावर हिरवी शून्याकडे यायला हवी होती. ती आली नाही. दाबलं, धरलं, सोडलं, हिरवी वरच्या वरच. याचा अर्थ सरळ होता: एसएमपीएस मागणी धुडकावत नव्हता, त्याच्याकडे मागणीच येत नव्हती. बोर्ड मागतच नव्हता.

हे मी एका मित्राला फोनवर सांगितलं. हार्डवेअरमध्ये त्याचा हात चांगला आहे. तो म्हणाला, “अरे, हिरवी खाली येत नाही आणि एसएमपीएस पिनेवर चालतोय, मग राहिलं काय? मदरबोर्ड गेला. नवीन बघायला लाग.” त्याचं म्हणणं तर्काला धरूनच होतं. पण मदरबोर्ड बदलणं म्हणजे अख्खं मशीन उपसून परत मांडणं. बोर्ड जुना असेल, तर त्याच्या जोडीचे प्रोसेसर आणि रॅमही बदलायची वेळ येते. एवढं काढायच्या आधी मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: बोर्ड मागत नाही, की त्याला मागण्याइतकं बळच मिळत नाही? मंद दिव्यामुळे शंकेची पाल चुकचुकत होतीच.

म्हणून प्रोब हिरवीवरून काढून जांभळीवर लावला. या वेळी बोर्ड जोडलेला होता. मीटरवर ३.९ आलं.

मघाशी एकटी असताना ५.०२ दाखवणारी तीच वायर, आणि बोर्डाने थोडीशी वीज ओढायला लागताच ३.९. इथे सगळा खुलासा झाला. नळ बंद असताना पाइपातला दाब भरपूर वाटतो आणि तोटी उघडली की धार करंगळीएवढी येते, तसं हे होतं. बोर्ड या ५ व्होल्टांतून स्वतःसाठी ३.३ व्होल्ट बनवतो आणि त्यावर बटणाकडे लक्ष ठेवणारा भाग चालतो. वरूनच ३.९ आलं तर खाली ३.३ उरत नाहीत, तो भाग धड जागा होत नाही, आणि बटण दाबलं काय किंवा पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला काय, ऐकायला कुणी नसतं.

तरीही अजून एक शक्यता शिल्लक होती, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर झालं नसतं. व्होल्टेज खाली येण्याची कारणं दोन: देणारा अशक्त आहे, किंवा घेणारा बेसुमार ओढतोय. बोर्डावर कुठे अर्धवट शॉर्ट असेल, समोरच्या यूएसबी पोर्टातली पट्टी वाकून बाजूला टेकली असेल, तरी जांभळी अशीच बसते. यूएसबी पोर्टांचा हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो. टॉर्च मारून पोर्टात एकदा डोकावून बघावं. माझे पोर्ट सरळ होते. तरी समोरच्या पोर्टांची वायर बोर्डावरून काढली, कीबोर्ड-माउस काढले, नेटवर्कची केबल काढली, डिस्क काढल्या, ग्राफिक्स कार्ड काढलं. एकेक गोष्ट काढायची आणि मीटर बघायचा. दरवेळी मेन बंद करून, वायर उपटून, बोर्डावरचा दिवा विझेपर्यंत थांबून आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून, म्हणजे अंगातली स्थिर वीज बोर्डात उतरत नाही. आकडा जेमतेम हलला. उरला नुसता बोर्ड, तरी ४ च्या आतच.

सोक्षमोक्ष लावायचा तर बोर्डच चित्रातून काढायला हवा होता. हाताशी दुसरा एसएमपीएस असता, तर तो लावून मिनिटात उत्तर मिळालं असतं. नव्हता. पण इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यात पांढऱ्या सिरॅमिकचा एक १० ओहमचा, १० वॉटचा रेझिस्टर होता, म्हणजे ठरावीक वीज ओढणारा साधा भार. ५ व्होल्टवर तो ०.५ अँपिअर ओढतो, म्हणजे २.५ वॉट. माझ्या एसएमपीएसच्या लेबलवर स्टॅन्डबायची क्षमता २.५ अँपिअर छापलेली. तिच्या मानाने हा भार किरकोळ. एसएमपीएस परत एकटा केला, मेन बंद असतानाच रेझिस्टर जांभळी आणि काळीमध्ये घट्ट बसवला, त्याच्या दोन टोकांवर मीटर लावला आणि स्विच चालू केला.

३.७.

बोर्ड नाही, यूएसबी नाही, काही नाही. नुसता एक रेझिस्टर, आणि जांभळी ३.७ वर. आता वादाला जागा उरली नाही. बोर्ड निर्दोष होता, निदान या आरोपातून तरी. मी मीटर लगेच काढला नाही, आणि तेच बरं झालं, कारण आकडा जागेवर राहिला नाही. हळूहळू तो वर सरकू लागला. ३.७३, ३.८, ३.९. एसएमपीएस आतून कोमट होत होता तसतसा स्टॅन्डबाय सावरत होता. सकाळी दोनदा दाबावं लागण्याचं कारण हेच. रात्रभर मेन बंद राहून थंड झालेल्या सप्लायचा पहिला जोर कमी पडायचा, थोडा गरम झाला की जमायचं. त्या दिवशी तेवढाही जोर उरला नव्हता.

हा दोष ओळखीचा आहे आणि त्यामागे बहुतेकदा एखादा इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारी छोटी डबी, असते. त्याच्या आत द्रवरूप इलेक्ट्रोलाइट असतो. वर्षं जातात तसा तो सुकतो, कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंडपणी तो रोध आणखीच जास्त असतो. उष्णता हा त्याचा मोठा शत्रू. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास अशी हमी असलेला कॅपॅसिटर ६५ अंशांत ठेवला, तर या हिशेबाने ३२,००० तास टिकावा. आकडा भलामोठा वाटतो, पण स्टॅन्डबायचा भाग प्लग चालू आहे तोवर दिवसाचे चोवीस तास काम करतो. वर्षाचे ८,७६० तास धरले, तर ३२,००० तास म्हणजे साडेतीन वर्षांच्या थोडं पुढे. शिवाय कॉम्प्युटर बंद असताना एसएमपीएसचा पंखाही बंद असतो, त्यामुळे या भागाला वारासुद्धा मिळत नाही. मशीन वापरात नसतानाही सतत राबणारा आणि सगळ्यांत आधी थकणारा भाग तो हाच. मुख्य लाइनी अजून ठणठणीत असतात, म्हणून यू-पिनेच्या परीक्षेत असा सप्लाय पहिल्या फटक्यात पास होतो. त्या परीक्षेला माझी हरकत नाही. तिच्यात जांभळीवर भारच पडत नाही, एवढं लक्षात ठेवून ती करावी.

एसएमपीएस मी उघडला नाही. तो कुणी उघडू नये, अगदी वायर काढल्यावरही. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. हे काम त्याच विषयातल्या माणसाचं. पण जाळीतून टॉर्च मारायला कुणाची हरकत नव्हती. पंख्याच्या पात्यांच्या फटीतून, लहान ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, दोन काळे बुटके कॅपॅसिटर दिसले. एकाचं डोकं सपाट, चकचकीत. त्यावरच्या फुलीच्या रेषा सरळ. दुसऱ्याचं डोकं मधोमध उचललेलं, फुलीच्या एका रेघेत तपकिरी कड. त्या रेषा मुद्दाम कोरलेल्या असतात. आत वाफेचा दाब वाढला तर डबी फुटण्याऐवजी तिथे अलगद उकलावी म्हणून. ती उकललेली रेघ बघून मोजलेल्या आकड्यांना चेहरा मिळाला.

नवा एसएमपीएस आणला. बसवताना एक गोष्ट अगदी जपून केली, आणि ती सगळ्यांनी करावी अशी माझी कळकळ आहे: जुन्या सप्लायची एकही केबल ठेवली नाही. मोड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या, एसएमपीएसच्या केबल बोर्डाकडच्या टोकाला सारख्या असतात, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या भोकात कोणती लाइन यावी याचं सामाईक मानक नाही. कंपनी बदलली की रचना बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही बदलते. प्लग बिनबोभाट बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन डिस्क क्षणात जळते. आधीपासून ओढून बांधलेल्या केबल परत वापरायचा मोह होतो, विशेषतः मागच्या बाजूला सगळं नीट बांधलेलं असेल तर. मी सगळे टाय कापले आणि प्रत्येक केबल नव्याच्या खोक्यातली लावली.

पहिल्यांदा फक्त २४ पिनांचा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा, एवढेच जोडले. हा दुसरा विसरला की पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी. बाकी सगळं बाहेर. मेन चालू केलं आणि बटणाला हात लावायच्या आधी जांभळी बघितली. बोर्ड जोडलेला असताना ५.०४. कोपऱ्यातला तो दिवा आता लख्ख होता. प्रोब हिरवीवर ठेवून बटण दाबलं. हिरवी क्षणात शून्यावर आली आणि प्रोसेसरचा पंखा फिरला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच मी मोठ्याने बोललो, घरातल्यांना बोलावलं. मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला लावली, बायोसचा, म्हणजे मशीन सुरू होतानाचा पहिला, पडदा आला. मग मेन बंद करून एकेक भाग परत जोडत गेलो: दुसरी रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड, शेवटी समोरचे यूएसबी. प्रत्येक जोडणीनंतर चालू करून बघितलं. सगळं जिथल्या तिथे होतं, फायलींसकट.

हे वाचणाऱ्या कुणाचं मशीन दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे गिरकी घेऊन थांबणारं असेल, तर मल्टीमीटरच्या आधी स्क्रूड्रायव्हर घ्या. मागणी पोचते आहे, सप्लाय उठतो आहे, पण कुठेतरी शॉर्ट दिसल्याने स्वतःला आवरतो आहे. कॅबिनेटमध्ये सांडलेला एखादा स्क्रू, बोर्डाखाली भोक नसलेल्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारी खुंटी), वाकलेला यूएसबी पोर्ट, या क्रमाने बघा. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून चालतो का, हे पाहिलं की पत्र्याचा दोष आहे की बोर्डाचा, ते लगेच कळतं. ग्राफिक्स कार्ड काढून चालू होत असेल, तर कार्डाकडे बघा.

जुन्या एसएमपीएसवर मी रंगीत मार्करने ठळक लिहिलं: ‘स्टॅन्डबाय खराब. भार नसताना ५.०२, १० ओहमच्या रेझिस्टरवर ३.७.’ पंखा फिरतो आणि पिनेवर चालतो, म्हणून कुणी तो चांगला समजून दुसऱ्या मशीनमध्ये बसवू नये. मग तो ई-कचऱ्यात दिला.